पाकिटाची मागची बाजू: डॉग फूड-कॅट फूडचे दावे कसे तपासायचे

रानवाटा

खाणं निवडताना बहुतेक जण पाकिटाची पुढची बाजू बघून ठरवतात. भाजलेली तंगडी, गाजर, ब्लूबेरी, 'रिअल चिकन', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक', 'ह्युमन ग्रेड'. यातल्या एकाही शब्दाला आपल्याकडे कायद्याची व्याख्या नाही. कोणीही छापावा. म्हणून मागची बाजू कशी वाचायची, ते या धाग्यात एकत्र करू. मी सुरुवात करते, जाणकारांनी भर घालावी.

आधी कायद्याचं बोलू. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधल्या 'अन्न' या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. त्यामुळे कुत्र्याच्या खाण्यावर या कायद्याखालच्या एफएसएसएआय या संस्थेचा क्रमांक दिसला, तरी आतल्या दाण्यांची कोणी तपासणी केली असा त्याचा अर्थ होत नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक आहे, आयएस ११९६८, पण ते पाळण्याची सक्ती नाही. उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत, तक्रारीसाठी संपर्क हे मात्र वजनमापाच्या नियमांनी छापावंच लागतं. यातलं एखादं नसेल तर पाकीट परत ठेवा. बाहेरून आलेल्या मालावर भारतातल्या आयातदाराचं स्टिकर हवं. ते नसेल तर माल कोणत्या वाटेने आणि किती उन्हातून आला हे कळायला मार्ग नसतो.

आता मागचा तक्ता. त्यात साधारण चार आकडे असतात: क्रूड प्रोटीन कमीत कमी, क्रूड फॅट कमीत कमी, क्रूड फायबर जास्तीत जास्त, मॉइश्चर जास्तीत जास्त. यातला 'क्रूड' हा शब्द महत्त्वाचा. प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. तो नायट्रोजन चिकनमधून आला, सोयाबीनच्या पेंडीतून आला की पिसांच्या भुकटीतून, हे त्या आकड्याला कळत नाही. २००७ साली अमेरिकेत हजारो कुत्री-मांजरं आजारी पडली, त्याचं मूळ इथेच होतं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलं होतं. मेलामाइनच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नायट्रोजन असतो, त्यामुळे १०० ग्रॅम मेलामाइन त्या चाचणीत ४१६ ग्रॅम 'प्रथिनं' म्हणून दिसतं. ग्लुटेनचा आकडा वाढला आणि जनावरांची मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हा '३२% प्रोटीन' असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं की पहिला प्रश्न पडायला हवा, कशातून?

तक्त्यात जे छापत नाहीत ते कर्बोदकांचं प्रमाण. ते वजाबाकीने काढता येतं. १०० मधून प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि राख वजा करा. राख म्हणजे खनिजं. ती छापलेली नसेल तर सुक्या खाण्यात ८ आणि ओल्या खाण्याच्या पाउचमध्ये २ धरा. समजा प्रोटीन २४, फॅट १०, फायबर ५, मॉइश्चर १०, राख ८. बेरीज ५७, म्हणजे उरलेले ४३ टक्के मका-तांदूळ-गहू वगैरे. यात घाबरण्यासारखं काही नाही, शिजलेला स्टार्च कुत्र्याला चांगला पचतो. फक्त 'मांसाने भरलेलं' असं लिहिलेल्या पाकिटात ४३ टक्के कर्बोदकं आहेत हे आपल्याला माहीत असावं.

घटकांच्या यादीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते.

रानवाटा

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ते वजन शिजवण्याआधीचं असतं. सगळी गंमत इथे होते.

१०० किलो मिश्रणात २५ किलो ताजं चिकन आणि २० किलो मका आहे असं धरा. यादीत चिकन पहिलं. पण ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असतं. दाणा सुकला की २५ किलोचे साडेसात किलो उरतात. मक्यात पाणी १२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून त्याचे साडेसतरा किलो उरतात. पाकिटात मका चिकनच्या दुपटीहून जास्त आहे, तरी यादीतला पहिला मान चिकनला. याउलट 'चिकन मील' हे आधीच सुकवून दळलेलं असतं, त्यात साधारण ६५ टक्के प्रथिनं. २० किलो मीलमधून १३ किलो प्रथिनं येतात आणि २५ किलो ताज्या चिकनमधून जेमतेम साडेचार. जाहिरातीत 'मील'ला कमी लेखतात, पण यादीत ते वरच्या जागी असणं ही चांगलीच खूण आहे.

दुसरी युक्ती तुकडे पाडण्याची. मका, कॉर्न ग्लुटेन, मक्याचं पीठ असे तीन वेगळे घटक लिहिले की प्रत्येक खाली सरकतो आणि मांस वर राहतं. वाटाणा, वाटाण्याचं प्रोटीन, वाटाण्याचं फायबर हाही तोच प्रकार. यादी वाचताना एकाच धान्याचे तुकडे मनात परत जोडा.

तिसरी खूण मिठाची. मीठ साधारण अर्धा ते एक टक्का असतं. यादीत मीठ कुठे आहे ते शोधा. त्याच्यानंतर जे काही येतं ते त्याहून कमी. हळद, क्रॅनबेरी, पालक, रोजमेरी, ग्रीन टी बहुतेक वेळा मिठाच्या खालीच सापडतात. ०.१ टक्का हळद म्हणजे ३ किलोच्या पाकिटात ३ ग्रॅम. पुढच्या चित्रात मात्र हळकुंडांची रास असते.

'बाय-प्रॉडक्ट नाही' या दाव्यावरही भाळू नका. काळीज (यकृत), हृदय, पेठा (कोंबडीचं जठर) हे सगळं त्यातच येतं आणि काळजाइतकं पोषण नुसत्या छातीच्या मांसात नसतं. अडचण असते ती 'मीट अँड अ‍ॅनिमल डेरिव्हेटिव्हज', 'सिरीअल्स' अशा मोघम नावांची. त्यात कोणतं जनावर, कोणतं धान्य हे कळत नाही आणि बाजारभावाप्रमाणे प्रत्येक बॅचला बदलू शकतं. पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला एका गोणीने काही होत नाही आणि दुसऱ्या गोणीने जुलाब होतात, तेव्हा एक कारण हेही असू शकतं.

अबोली_

माहितीपूर्ण धागा. मांजरीसाठी विचारते. पाउचवर ७% प्रोटीन लिहिलंय आणि सुक्या दाण्यांवर ३२%. मग पाउच निकृष्ट म्हणायचा का? आणि काही पाउचवर 'टूना विथ चिकन' असतं, पण मागे चिकन ४% लिहिलेलं असतं. असं कसं?

शेपूट

@अबोली_, ओल्या आणि सुक्या खाण्याची तुलना पाणी काढून टाकल्याशिवाय करता येत नाही. रीत अशी: १०० मधून मॉइश्चर वजा करा. प्रोटीनच्या आकड्याला त्याने भागा आणि १०० ने गुणा.

पाउच: मॉइश्चर ८२, उरले १८. ७ भागिले १८, म्हणजे ३८.९ टक्के.
सुकं: मॉइश्चर १०, उरले ९०. ३२ भागिले ९०, म्हणजे ३५.६ टक्के.

पाउचच थोडा पुढे आहे. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या तक्त्यात प्रौढ मांजरीसाठी असंच पाणी वगळून किमान २६ टक्के प्रोटीन लागतं, पिल्लांसाठी ३०. प्रौढ कुत्र्यासाठी १८ आणि पिल्लांसाठी २२.५. हे किमान आहे, आदर्श नव्हे. पण पाकीट या रेषेच्या वर आहे की खाली, ते घरबसल्या कळतं.

४ टक्क्यांचं कारण युरोपातली लेबलची पद्धत. तिथे 'विथ चिकन' म्हणायला ४ टक्के पुरतात, 'रिच इन चिकन' ला १४ आणि नावातच ठळकपणे चिकन मिरवायचं तर २६. अमेरिकेतली पद्धत वेगळी. नुसतं 'चिकन' म्हणायला ९५ टक्के, 'चिकन डिनर', 'चिकन रेसिपी' ला २५, 'विथ चिकन' ला ३, आणि 'चिकन फ्लेवर' ला फक्त चव लागण्याइतकं. म्हणून 'विथ', 'रेसिपी', 'फ्लेवर' हे छोटे शब्द आधी वाचावेत. हे त्या त्या देशाचे नियम आहेत. आपल्याकडच्या पाकिटावर 'रेसिपी' लिहिलं म्हणून आत २५ टक्के असेलच असं धरू नका.

पाउचबाबत याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे 'कम्प्लीट' की 'कॉम्प्लिमेंटरी' हे बघणं. बारीक अक्षरात असतं. कम्प्लीट म्हणजे तेवढ्यावर जनावर जगू शकतं. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे तोंडी लावणं. जेलीतले टूनाचे पाउच पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचे असतात. मांजर ते आवडीने खाते, दाण्यांकडे पाठ फिरवते आणि महिनोन्‌महिने तेच चालू राहतं. त्यात टॉरिन हे अमिनो आम्ल आणि जीवनसत्त्वं पुरेशी घातलेली नसतील तर परिणाम हृदयावर आणि डोळ्यांवर होतो, तोही सावकाश. मांजर टॉरिन पुरेसं स्वतः बनवू शकत नाही.

नुसत्या पाउचवर ठेवायचं तर हिशेब असा: वरच्या पाउचमधून १०० ग्रॅमला साधारण ६७ कॅलरी मिळतात, ८० ग्रॅमच्या एकातून ५४. नसबंदी झालेल्या ४ किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण २४० लागतात. म्हणजे साडेचार पाउच. खर्च झेपत नसेल तर दोन पाउच आणि ४० ग्रॅम दाणे, हा चांगला मेळ आहे. पाउचचा मोठा फायदा पाण्याचा. लघवीचा त्रास होणाऱ्या बोक्यांच्या बाबतीत 'लो अ‍ॅश' या दाव्यापेक्षा पोटात गेलेलं पाणी कितीतरी जास्त मोलाचं.

खडीसाखर

आमचं घर शाकाहारी आहे. लॅब्राडॉर पिल्लू येणार आहे, आणि बहिणीकडे मांजर आहे. दोघांना शाकाहारी तयार खाणं चालेल का? दुकानदार 'ग्रेन फ्री' घ्या म्हणतो, तेही सांगा.

दाणेदार

मी पशुखाद्याच्या फॉर्म्युलेशनचं काम करतो, त्या बाजूने लिहितो.

कुत्रा शाकाहारी खाण्यावर राहू शकतो, अट एकच, ते खाणं नीट हिशेबाने बनवलेलं आणि 'कम्प्लीट' असलं पाहिजे. वाढीच्या वयातल्या लॅबसाठी मी तो धोका घेणार नाही. प्रौढ झाल्यावर विचार करा. मांजरीसाठी उत्तर स्पष्ट आहे, नको. टॉरिन, अ‍ॅराकिडॉनिक आम्ल, तयार रूपातलं अ जीवनसत्त्व या सगळ्या गोष्टी तिला प्राणिजन्य अन्नातून मिळतात. गाजरातलं बीटा कॅरोटीन मांजरीचं शरीर अ जीवनसत्त्वात बदलू शकत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पाकिटातले कम्प्लीट दाणे आणि वेगळं भांडं ठेवणं हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग.

ग्रेन फ्री. दाणा एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे पीठ उष्णतेत दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून, काढायचा तर स्टार्च लागतोच, नाहीतर दाणा फुलत नाही आणि धरूनही राहत नाही. धान्य काढलं की त्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा, बटाटा येतो. कर्बोदकं तेवढीच राहतात, किंमत वाढते. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने जुलै २०१८ मध्ये कुत्र्यांमधल्या डीसीएम या हृदयविकाराचा आणि अशा खाण्याचा संबंध तपासायला घेतला. २०१९ च्या अहवालात, तक्रारी आलेल्या खाण्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक ग्रेन फ्री होती आणि तेवढ्याच प्रमाणात वाटाणा किंवा मसूर असलेली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की कारण सिद्ध करण्याइतकी माहिती हातात नाही. संबंध सिद्ध झालेला नाही, पण धान्य काढल्याने निरोगी कुत्र्याचा काही फायदा होतो हेही कोणी दाखवलेलं नाही. मग जास्तीचे पैसे कशाला मोजायचे?

आणि कृपया लॅबच्या पिल्लाला कॅल्शियमचं सिरप सुरू करू नका. आपल्याकडे पिल्लू घरी आलं की बाटली घरी येतेच, दुकानदारच देतो. पहिल्या काही महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढं द्याल त्यातलं बरंचसं आत जातं. मोठ्या जातींत त्याने हाडं-सांधे बिघडतात. पाकिटावर 'ग्रोथ ऑफ लार्ज साइझ डॉग्ज' यासाठीही योग्य असं वाक्य शोधा. त्यात पाणी वगळून कॅल्शियम १.२ ते १.८ टक्के असावं लागतं. ते असलं की वरून काहीही घालायचं नाही.

देवराई

सगळं वाचलं. पण गावाकडची कुत्री भाकरी-ताक, आमटी-भात खाऊन धडधाकट राहतातच ना? ताजं घरचं शिजवलेलं चिकन-भात या कारखान्यातल्या दाण्यांपेक्षा चांगलंच असणार. कंपन्यांनी आपल्याला घाबरवून ठेवलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

शेपूट

@देवराई, घरचं खाणं वाईट नाही, अपुरं असतं. गावातलं कुत्रं आमटी-भातावर दिसतं, पण ते दिवसभरात उंदीर, हाडं, टाकलेली आतडी, काय काय खातं. फ्लॅटमधल्या कुत्र्याला आपण देऊ तेवढंच मिळतं. शिवाय आमटीतला कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, ते वेगळंच.

चिकन-भाताचं गणित बघा. बोनलेस चिकनच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम १० ते १५ मिलिग्रॅम, फॉस्फरस २०० च्या आसपास. कुत्र्याला लागणारं प्रमाण कॅल्शियम एक तर फॉस्फरस एक, किंवा कॅल्शियम त्याहून जास्त, दोनास एकपर्यंत. इथे ते पार उलटं आहे. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढतं आणि पिल्लाची हाडं साध्या उडीने मोडतात.

प्रौढ कुत्र्याला दर १००० कॅलरीमागे साधारण सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागतं. अंड्याच्या कवचाच्या पुडीत ३८ टक्के कॅल्शियम असतं. म्हणजे १००० कॅलरीच्या घरच्या जेवणात ३ ग्रॅमच्या थोडी वर पुडी. कवचं धुवून, उकळून, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करायची, खडे राहता कामा नयेत. एवढं केल्यावरही जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतंच. त्यामुळे नेहमीसाठी घरचं द्यायचं तर पोषणाचा अभ्यास असलेल्या व्हेटकडून रेसिपी लिहून घ्या आणि त्यातला पदार्थ मनाने बदलू नका.

देवराई

कॅल्शियमचा हा मुद्दा लक्षात आला नव्हता. धन्यवाद. मग कमी किमतीचं आणि महाग यात फरक किती धरायचा? पाचशे रुपये किलोचंच घ्यायला हवं का?

दाणेदार

किलोचा भाव बघून काही कळत नाही. १००० कॅलरीचा भाव काढा.

कॅलरी छापलेल्या नसतील तर: प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, कर्बोदकं गुणिले ३.५, तिन्हींची बेरीज म्हणजे १०० ग्रॅममधल्या कॅलरी. रानवाटांनी घेतलेलं उदाहरण: ८४ + ८५ + १५०.५, म्हणजे ३२०. दुसरं पाकीट समजा प्रोटीन २६, फॅट १८, फायबर ३, मॉइश्चर १०, राख ८. कर्बोदकं ३५, कॅलरी ३६६.

आता १८ किलोचा, नसबंदी झालेला आपला देशी कुत्रा घ्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १८ × १८ × १८ करा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ७० ने गुणा, मग १.६ ने गुणा. ९८० च्या आसपास येतं, ही त्याची दिवसाची गरज.

पहिलं पाकीट २४० रुपये किलो: ३०६ ग्रॅम लागतं, ७३ रुपये रोज.
दुसरं पाकीट २७० रुपये किलो: २६७ ग्रॅम लागतं, ७२ रुपये रोज.

महाग दिसणारं पाकीट रोजच्या खर्चात बरोबरीचं निघालं, आणि शीही कमी होते. पण दुसऱ्याचा भाव ५०० असता तर रोजचे १३३ पडले असते, आणि त्या वरच्या साठ रुपयांत नेमकं काय मिळतंय हे कंपनीला विचारायला लागलं असतं. हा १.६ सुरुवातीपुरता आहे. दोन आठवड्यांनी वजन करा, बरगड्या चाचपून बघा. हलक्या हाताला बरगड्या लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर १० टक्के कमी करा. आणि मोजायला कप नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पाकिटातल्या कपाने मोजलं की रोजचे २०-३० ग्रॅम सहज वर जातात.

खडीसाखर

'जॉइंट सपोर्ट', 'प्रोबायोटिक', 'ओमेगा ३' हे दावे? आणि खाज येणाऱ्या कुत्र्यासाठी 'हायपोअ‍ॅलर्जेनिक'?

रानवाटा

प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न: रोजच्या वाटीत किती?

'जॉइंट सपोर्ट'साठी घालतात ते ग्लुकोसामाइन ३०० मिलिग्रॅम प्रति किलो असं छापलेलं असतं. १८ किलोचा कुत्रा २८० ग्रॅम खातो, म्हणजे ८४ मिलिग्रॅम. सांध्यांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत साधारण ५०० असतात, आणि त्यांच्याही उपयोगाचा पुरावा तोकडाच आहे. सांध्यांसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय वजन कमी ठेवणं.

प्रोबायोटिक जिवंत असले तरच उपयोगाचे. एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत जिवाणू मरतात, म्हणून ते नंतर वरून लावावे लागतात. जिवाणूचं पूर्ण नाव आणि मुदत संपेपर्यंत किती जिवंत राहतील तो आकडा छापलेला नसेल तर तो शब्द सोडून द्या. ओमेगा ३ मध्ये ईपीए आणि डीएचए ही माशांच्या तेलातली रूपं शोधा. नुसतं जवस असेल तर कुत्र्याच्या शरीरात त्याचं फारच थोडं रूपांतर होतं, मांजरीत जवळजवळ नाहीच.

अ‍ॅलर्जीबाबत गैरसमज फार. कुत्र्यांना अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झालेल्या प्रकरणांत पहिला क्रमांक बीफचा, मग दूध, चिकन, आणि गहू त्यांच्यानंतर. 'ग्रेन फ्री चिकन' घेऊन अ‍ॅलर्जी कशी जाणार? खरी परीक्षा एकच आहे: आधी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइझ्ड (प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाणं, पूर्ण ८ आठवडे. त्या काळात बिस्किट, च्यू, चिकनच्या चवीची जंताची गोळी, काही नाही. शेवटी जुनं खाणं परत देऊन खाज परतते का ते बघायचं. घरातलं कोणी एक तुकडा पोळी-दूध दिलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुकानातल्या 'फक्त लँब' म्हणवणाऱ्या पाकिटांत तपासणीत दुसरी प्रथिनं सापडलेली आहेत, त्यामुळे या परीक्षेसाठी ती चालत नाहीत.

कोकणकडा

सुट्या मालाबद्दल कोणी लिहिलं नाही. मोठी गोणी फोडून किलोकिलोने विकतात, स्वस्त पडतं. पावसाळ्यात आमच्याकडे दोन आठवड्यांत दाण्यांना वास येतो.

दाणेदार

सुटं घेऊ नका, हे मी आग्रहाने सांगतो. बॅच नंबर नाही, तारीख नाही, आणि दाण्यावरची चरबी पहिल्या दिवसापासून हवेत. चरबी दाणा तयार झाल्यावर वरून फवारतात, म्हणून ती आधी खवट होते. तेलकट, जुन्या शेंगदाण्यासारखा वास म्हणजे तेच. त्यात ई जीवनसत्त्वही खलास होतं.

'नो प्रिझर्व्हेटिव्ह' या दाव्याचा इथे संबंध येतो. चरबी खवट होऊ न देणारा काहीतरी अँटिऑक्सिडंट घालावाच लागतो. टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, असेल तर तो लवकर संपतो, म्हणून दमट हवेत लहान पाकीट बरं. माशांच्या भुकटीत पुरवठादाराने आधीच इथॉक्सीक्विन हे कृत्रिम प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असेल, तर दाणा बनवणारा 'आम्ही काही घातलं नाही' असं खरंखुरं म्हणू शकतो.

दुसरी भीती बुरशीची. मक्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, ते यकृतावर घाव घालतं. भाजून, शिजवून ते जात नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये याच कारणाने एका कंपनीचा माल परत मागवला गेला आणि एफडीएकडे शंभरावर कुत्री दगावल्याची नोंद झाली. तिथली मर्यादा २० पीपीबी (एक अब्ज भागांत २०) आहे. कंपनीला विचारा, मक्याच्या प्रत्येक ट्रकची तपासणी होते का?

कोकणात जून ते सप्टेंबर जास्तीत जास्त महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट घ्या. दाणे डब्यात ओतू नका. मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, तोंड मुडपून क्लिप लावा. पाकिटाच्या आतल्या थराला चरबी धरते, आणि बॅच नंबरही हाताशी राहतो. रिकाम्या डब्यात नवं भरण्याआधी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. तळाच्या जुन्या खवट चुऱ्यावर नवे दाणे ओतले की तेही लवकर खराब होतात.

अबोली_

कुत्र्यासाठी एक पाकीट बघून ठेवलंय, भावाला घ्यायचंय. मागचं जसंच्या तसं टाइप करते, कोणी वाचून दाखवाल का?

पुढे: 'रिअल चिकन नंबर १ घटक. व्हेट रेकमेंडेड. मीट्स आफ्को.'
घटक: ताजं चिकन, मका, तांदूळ, कॉर्न ग्लुटेन मील, सोयाबीन मील, गव्हाचा कोंडा, चिकन मील, चिकन फॅट, मीठ, जीवनसत्त्वं-खनिजं, युक्का, हळद, ग्लुकोसामाइन.
प्रोटीन २२ किमान, फॅट ८ किमान, फायबर ६ कमाल, मॉइश्चर १० कमाल.

दाणेदार

वाचतो. ताजं चिकन पहिलं, चिकन मील सातवं. मका आणि कॉर्न ग्लुटेन जोडले की मका पहिला. प्रथिनांचा मोठा भाग कॉर्न ग्लुटेन आणि सोयाबीनमधून येतोय. पाणी वगळून २४.४ टक्के, आकडा किमानाच्या वर आहे. राख ८ धरून कर्बोदकं ४६, कॅलरी ७७ + ६८ + १६१, म्हणजे ३०६. फायबर ६ पर्यंत, कोंडा आहेच, तेव्हा शी भरपूर होणार. युक्का, हळद, ग्लुकोसामाइन मिठाच्या खाली, त्यांचे पैसे देऊ नका.

'मीट्स आफ्को' हे अर्धं वाक्य आहे. आफ्को कोणत्याही खाण्याला मान्यता देत नाही, तपासतही नाही. ते पोषणाचे तक्ते ठरवतात. पूर्ण वाक्यात दोन गोष्टी येतात: कोणत्या वयासाठी, आणि फक्त तक्त्याप्रमाणे बनवलंय की जनावरांना खाऊ घालून पाहिलंय. प्रौढ कुत्र्यांची ती चाचणी किमान ८ कुत्र्यांवर २६ आठवडे चालते. चाचणी लहानच आहे, पण नुसत्या कागदी हिशेबापेक्षा एक पायरी पुढे. वयाचे गटही त्यांच्याकडे दोनच आहेत, वाढ-गाभण काळ आणि प्रौढ. 'सीनियर' किंवा अमुक जातीसाठी वेगळा तक्ता नाही. कोणी 'डब्ल्यूएसएव्हीए मान्यताप्राप्त' म्हणत असेल तर तेही चुकीचं, ती जगभरातल्या पशुवैद्यांची संघटना आहे आणि कोणत्याही ब्रँडला मान्यता देत नाही. कंपनीला कोणते प्रश्न विचारावेत, हे मात्र तिने छान मांडलंय.

हे पाकीट विषारी वगैरे अजिबात नाही. पण हेच एकमेव खाणं म्हणून द्यायचं तर आधी कंपनीला ईमेल करा:

१. हे कम्प्लीट आहे का, कोणत्या वयासाठी, पूर्ण वाक्य लिहून द्या.
२. फॉर्म्युला कोणी बनवला, पशुपोषणातली त्यांची पदवी काय, ते कायम नोकरीत आहेत की सल्लागार?
३. कारखाना स्वतःचा की दुसऱ्याकडून बनवून घेता?
४. १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती? कॅल्शियम, फॉस्फरस किती, तयार मालात मोजलेले?
५. अफ्लाटॉक्सिनची तपासणी कधी आणि कुठे होते?

आकड्यांनी उत्तर आलं तर कंपनीला आपला माल माहीत आहे. 'आमची उत्पादनं सर्वोत्तम दर्जाची आहेत' एवढंच आलं तर तेही उत्तरच समजा.

शेपूट

भर: 'व्हेट रेकमेंडेड' म्हणजे कोणी, किती जणांनी, कधी, हेही विचारा. दावा धडधडीत खोटा निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा. आणि नवं खाणं घेतलंच तर एकदम बदलू नका. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. नाहीतर जुलाब बदलाने झाले की खाण्याने, ते कळत नाही.

अबोली_

पाचही प्रश्न आत्ताच पाठवले. उत्तर आलं की इथेच टाकते. तोपर्यंत भावाला जुनंच चालू ठेवायला सांगितलंय.